पाण्याची रेघ

पवना धरणाच्या काठावर आम्ही पहिल्यांदा जागा पाहायला गेलो तेव्हा कार्तिक संपत आला होता. ठाकूरसाईच्या बाजूला एक उतरती जमीन, तिच्या पायथ्याशी काठोकाठ भरलेलं पाणी, डावीकडे तिकोना, उजवीकडे तुंगचा सुळका, पाठीशी लोहगड. जागा दाखवणाऱ्या माणसाने गाडीच्या डिकीतून दोन घडीच्या खुर्च्या काढल्या, पाण्याकडे तोंड करून मांडल्या, थर्मासमधला चहा ओतला आणि म्हणाला, "ताई, दादा, पाच मिनिटं काही विचारू नका. नुसतं बसा." आम्ही बसलो. चहा निवायच्या आत मी मनातल्या मनात तिथे घर बांधलं होतं, ओसरीला झोपाळाही टांगला होता.

परतताना पवनानगरला भज्यांच्या गाडीवर थांबलो. नवरा विसार किती द्यायचा याचा हिशेब करत होता. भजी तळणाऱ्या बाईंच्या कानावर ते पडलं. झारा कढईच्या काठावर आपटून त्या म्हणाल्या, "पाणी बघून जागा घेताय व्हय? मग वैशाखात या एकदा. आत्ता धरण न्हाऊन-माखून बसलंय."

त्या वाक्याने आमची खरेदी दोन वर्षं लांबली. त्या दोन वर्षांत आम्ही पवन मावळ, मुळशी, मोसे खोरं आणि लोणावळ्याच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. सुट्टीच्या गावात घर घेऊ पाहणारे आमच्यासारखे असंख्य लोक आहेत. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि मुंबईकराला लोणावळा दीड-दोन तासांवर आलं. पुणेकराला तर ते अंगणातच होतं. यातले बहुतेक जण जागा पाहतात ती दसरा ते संक्रांत या दिवसांत. धरणं भरलेली, डोंगर अजून हिरवे, हवा कोरडी. या डोंगरांच्या खऱ्या स्वभावाबद्दल ते दिवस सगळ्यात कमी सांगतात, हे मला आज ठामपणे सांगता येतं.

वैशाखात गेलो. तोच रस्ता, तीच उतरण. खुर्च्या मांडल्या होत्या ती जागा ओळखायलाच वेळ लागला, कारण समोर पाणी नव्हतं. होता तो तांबूस-करडा उतार, भेगाळलेला गाळ, कुजून दगडासारखे झालेले झाडांचे बुंधे, प्लास्टिकच्या बाटल्या. पाण्यापर्यंत चालत जायला दहा मिनिटं लागली. उतारावर आडव्या रेघा उमटल्या होत्या, एकाखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. पाणी जिथे जिथे काही दिवस थांबून मग खाली उतरलं, तिथे तिथे त्याने आपली रेघ ठेवलेली.

याच दिवसांत पवनेच्या पोटातून वाघेश्वराचं देऊळ वर येतं. जुनं, दगडी, वर्षातले बरेच महिने पाण्याखाली असलेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गाळ तुडवत माणसं दर्शनाला जातात. आम्ही गेलो तेव्हा सत्तरी उलटलेली एक आजी पिंडीवरची माती हाताने पुसत होती. तिला विचारलं, तेव्हा तिने देवळापासून थोडं पुढे बोट दाखवलं. तिथे पाणीच होतं. "त्या तिथं आमचा उंबरा. मी नवी नवरी आले तवा ह्याच देवाला पाया पडाय आणलेलं. मग धरण झालं." आम्ही इथे घर पाहतोय म्हटल्यावर तिने कौतुक केलं नाही की तक्रारही केली नाही. एवढंच विचारलं, "पाणी कुठलं पिणार?"

धरणाच्या काठावर उभं राहून विचारलेला तो प्रश्न मला तेव्हा विचित्र वाटला. पण वर येताना वस्तीवर टँकर उभा होता आणि त्याच्याभोवती हंडे. मावळातला खडक काळा बेसाल्ट आहे. पाणी त्याच्या भेगांतून आणि सांध्यांतून फिरतं, खडक स्पंजासारखं पाणी धरून ठेवत नाही. समोर कितीही मोठा जलाशय असो, उतारावर शंभर फूट वर मारलेली बोअरवेल चैत्रात आटू शकते. आणि जलाशयातलं पाणी उपसायला पाटबंधारे खात्याची परवानगी लागते. खिडकीतून दिसणारं पाणी आपलं नसतं.

मग ते कुणाचं असतं? सह्याद्रीच्या या पट्ट्यात आपण ज्यांना लेक म्हणतो, ती जवळजवळ सगळी धरणं आहेत, आणि प्रत्येकाचा धनी दूर कुठेतरी आहे. लोणावळ्याच्या माथ्यावरचं भुशी धरण रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलं गेलं. वळवण, लोणावळा आणि शिरवता हे तलाव टाटांच्या जलविद्युत योजनेतले. १९११ मध्ये तिची पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीत वीज तयार होऊन मुंबईच्या गिरण्यांना जाऊ लागली. लोणावळ्यात पडणारा पाऊस खरं तर इंद्रायणीने पूर्वेला जायचा. तो अडवून, घाट उतरवून, जनित्रं फिरवून पश्चिमेला पाताळगंगेत सोडला जातो. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत जातं. कोलाडला तराफ्यांवरून पोरं ज्या पांढऱ्या लाटांत ओरडत जातात, ते आपल्या मुळशी खोऱ्यातलं पाणी. पवनेचं पाणी नदीने खाली जाऊन पिंपरी-चिंचवडच्या नळाला येतं. तेच पाणी नदीऐवजी बंद नळातून न्यायच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. त्याच रस्त्याने आम्ही दर शनिवारी जागा पाहायला जात होतो. त्या ठिकाणी आता गाडीचा वेग आपोआप कमी होतो.

मुळशीबद्दल थोडं थांबून लिहायला हवं. आज मुळशीच्या काठावर ज्या जमिनींच्या जाहिराती निघतात, त्या खोऱ्यात १९२१च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला होता. निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमावर धरण बांधायचं ठरलं, सरकारने भूसंपादनाचा कायदा टाटा कंपनीच्या बाजूने लावला, आणि पन्नासहून अधिक गावांतल्या मावळ्यांना कळलं की आपली भातखाचरं जाणार. आंबेमोहोर पिकवणारं हे खोरं. पांडुरंग महादेव बापट या लढ्यात उतरले आणि 'सेनापती' ही पदवी त्यांना याच लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने होते. बायाबापड्यांनी चाललेल्या कामावर जाऊन ठाण मांडलं, तुरुंग भोगले. पुढे बांधकामाची रेल्वे अडवल्याबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. राजेंद्र व्होरांनी या लढ्याचा मुळापासून अभ्यास केला. त्यांनी याला जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हटलं आहे.

लढा का हरला, याची कारणं अनेक आहेत. पण घर घेणाऱ्याने ध्यानात ठेवावं असं एक कारण आहे. जमिनीचा कागदोपत्री मालक आणि ती कसणारा, हे दोघे पुष्कळदा वेगळे होते. पुण्यात राहणाऱ्या जमीनदार-सावकारांना वाढीव मोबदला पुरेसा वाटला. चिखलात उभ्या असलेल्या कुळाला जमीन हवी होती. शंभर वर्षांनंतर आपण त्याच काठावर जमीन विकत घेतो तेव्हा सही कोण करतंय आणि तिथे वावरतंय कोण, हा प्रश्न तसाच शिल्लक असतो. मी सातबारा वाचायला शिकले ती त्यामुळेच.

आम्ही दोघंही शेतकरी नाही. माझे आजोबा कोकणातले, पण जमीन कधीच काकांच्या नावावर गेली. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. हे जवळजवळ प्रत्येक दलालाला ठाऊक असतं आणि जवळजवळ प्रत्येकाकडे त्यावर 'मार्ग' असतो. एकाने आम्हाला दुसऱ्या जिल्ह्यातून शेतकरी दाखला मिळवून द्यायची तयारी दाखवली. दुसऱ्याने सांगितलं, सध्या साठेखत करा, कब्जा घ्या, कुंपण घाला, खरेदीखत पुढे पाहू. तिसऱ्याने एका एकराचे चौदा तुकडे पाडून, चौदा खरेदीदारांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामायिक चढवायची योजना समजावली. १९४७ चा तुकडेबंदी कायदा हे थांबवण्यासाठीच आहे. पुणे जिल्ह्यात आता जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे. सामायिक सातबाऱ्यावर नाव लागलं तरी आपला तुकडा नेमका कुठला, हे कागद सांगत नाही. उद्या बारावा मालक म्हणाला की पाण्यालगतचे चार गुंठे माझे, तर चौदा घरं कोर्टात.

जुन्या गुंठेवारीला शासनाने अलीकडे काही ठिकाणी सवलती जाहीर केल्या आहेत. सवलत मिळेल या भरवशावर मात्र कुणी आयुष्याची पुंजी घालू नये, असं मी कळकळीने सांगेन. अकृषिक झालेला, रेराकडे नोंदवलेला भूखंड महाग पडतो, पण निदान तो कुठून कुठपर्यंत आहे हे कळतं.

सातबारा वाचताना डोळे आधी वरच्या नावांकडे जातात. मला एका निवृत्त तलाठी काकांनी शिकवलं की आधी 'इतर हक्क' वाचायचे, मग भोगवट्याचा वर्ग, मग नावं. वर्ग २ असेल तर ती जमीन परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. धरणग्रस्ताला पुनर्वसनात मिळालेली, कुळाला मिळालेली, वतनाची, अशी प्रत्येक जमीन आपली अट पाठीवर घेऊन येते. कुठे खासगी वनाचा शेरा असतो, कुठे बहिणींची नावं खोडून भावांची ठेवलेली असतात आणि तो फेरफार अजून तक्रारीत असतो. काका म्हणायचे, "सातबारा हा फोटो आहे बाई, फेरफार हा त्या घराचा इतिहास. तीस वर्षांचे फेरफार काढा आणि एकदा रात्री शांत बसून वाचा." आम्ही बसलो. एका जागेच्या फेरफारांत एक विहीर होती, तिच्यात चौघांचा वाटा होता, आणि ती विहीर आम्हाला दाखवलेल्या नकाशात कुठेच नव्हती. ती जागा आम्ही सोडली.

ठाकूरसाईकडची ती पहिली जागा सोडायचं कारण मात्र एक दगड होता. वैशाखात उतरणीवर हिंडताना नवऱ्याला गवतात एक हद्दीचा दगड सापडला. धरणासाठी संपादन केलेल्या जमिनीची हद्द. आम्ही चहा प्यायलो ती जागा दगडाच्या आतल्या बाजूला होती. दलालाने पाण्यालगतची म्हणून दाखवलेली बाग, लाकडी धक्का, होडीची जागा, सगळं पाटबंधारे खात्याच्या हद्दीत येत होतं. विक्रीची जमीन दगडाच्या वर होती. अशा संपादित पट्ट्यातली जमीन पाणी उतरल्यावर काही काळ उघडी पडते. तिला गाळपेर म्हणतात, आणि धरणात जमीन गेलेल्यांना ती हंगामापुरती कसायला देण्याची पद्धत आहे. म्हणजे आमच्या स्वप्नातल्या हिरवळीवर हक्क असलाच तर त्या उंबरा दाखवणाऱ्या आजीचा. हे लक्षात आलं त्या संध्याकाळी आम्ही दोघं फारसं बोललो नाही.

नदीकाठी आणखी दोन रेघा असतात. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. जमिनीवर त्या कुठेच दिसत नाहीत, नकाशावरच असतात. त्यामुळे नकाशा मागून घ्यावा लागतो. आणि डोंगराच्या बाजूलाही एक न आखलेली रेघ असते, ती मला जास्त घाबरवते. सपाट भूखंड मिळत नाही म्हणून जेसीबीने उतार कापायचा, कापलेली माती खाली ढकलायची, तिच्यावर भराव करून घर बसवायचं, हे सर्रास चाललं आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशे माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गेली. प्रत्येक ठिकाणची कारणं वेगळी असतील, पण पावसाने भिजून जड झालेली माती आणि तिचा सुटलेला पाय, हे दोन्हीकडे होतं. विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न, हा भूखंड मुळात सपाट होता की केला? आणि तो प्रश्न विक्रेत्यापेक्षा शेजारच्या गुराख्याला विचारावा.

याच शोधात एका पौषात आम्ही लवासाला गेलो. वरसगाव धरणाच्या फुगवट्याच्या कडेने, मोसे खोऱ्यात, इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवर रंगीत इमारतींचं हे गाव वसवलं गेलं. राज्याने १९९६ मध्ये थंड हवेच्या ठिकाणांसाठी खास नियम केले, त्यातून ही कल्पना उभी राहिली. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला सांगितलं, पुढच्या वर्षी अटींसह परवानगी मिळाली, आणि २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. लवासातल्या दासव्याच्या पाण्याकाठी आम्ही संध्याकाळी फिरलो. काही खिडक्यांत दिवे होते, बऱ्याच अंधारात. तिथे कायमचे राहायला आलेले एक निवृत्त गृहस्थ भेटले. शांतता, हवा, पक्षी, सगळं भरभरून आहे असं म्हणाले. मग म्हणाले, "दवाखाना आणि औषधाचं दुकान किती लांब आहे, हे घर घेताना चालत मोजायला हवं होतं. गाडीने नाही." वयाची साठी जवळ आलेल्या आम्हा दोघांना हे वाक्य लागलं. सुट्टीचं गाव आणि राहायचं गाव यांत फरक पडतो तो शाळा, दवाखाना, वाणी, वायरमन यांच्यामुळे. नुसत्या नजाऱ्यावर वसवलेल्या गावात या सगळ्यांना मुद्दाम आणावं लागतं, आणि पैसा थांबला की तीच आधी निघून जातात.

आता पावसाबद्दल. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुण्याच्या पाचपट. आकड्याने काही कळत नाही. म्हणून आम्ही आषाढ-श्रावणासाठी लोणावळ्याच्या तुंगार्लीत एक बंगली भाड्याने घेतली. ज्याला या डोंगरांत घर घ्यायचंय त्याने हे करावंच.

पहिल्या आठवड्यात मजा वाटली. दुसऱ्या आठवड्यात चामड्याच्या चपलांवर पांढरी-हिरवी बुरशी धरली. काडेपेटी ओढली की गूल निघून यायचा. पापड, मीठ, पुस्तकांचे पुठ्ठे, उशीचे अभ्रे, सगळ्याला एकच वास. शेजारच्या काकू चाळीस वर्षं लोणावळ्यात. त्यांनी कपड्यांच्या कपाटात तळाशी एक जुना पिवळा बल्ब लावून ठेवलेला, दिवसरात्र. "असे बल्ब आता मिळत नाहीत म्हणून डझनभर साठवलेत," म्हणाल्या. त्यांनीच मला गावातली घरं वाचायला शिकवलं. स्लॅब असला तरी वर उतरता पत्रा का, पत्रा भिंतीच्या दोन हात पुढे का, पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंतीला बाहेरून पत्रे का ठोकलेत. इथे पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो. झड भिंतीवर महिनोन्‌महिने आपटत राहते, आणि नेमक्या त्याच दिशेला मोठ्या काचा लावायचा मोह होतो, कारण दरीही तिकडेच असते. दलालांच्या माहितीपत्रकांतली घरं मी मग निराळ्या नजरेने पाहू लागले. जमिनीपासून छतापर्यंत काच, सपाट गच्ची, पागोळी पडायला जागाच नाही.

आम्ही मागच्या खोलीच्या भिंतीवर ओल चढेल तशी पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहीत गेलो. श्रावणी सोमवारपर्यंत ती माझ्या कमरेला लागली.

आणि शनिवार-रविवार. पावसाळ्यात लोणावळ्यात शुक्रवारी रात्रीपासून गाड्यांची रांग सुरू होते. दूध आणायला निघालेल्या माणसाला तास लागतो. गावातले लोक शनिवारी लग्न काढत नाहीत, आजाऱ्याला शुक्रवारीच तळेगावला हलवतात. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. मुलं होती त्यांत. डोंगरात पाऊस कुठे पडतोय हे खाली उभ्या माणसाला दिसत नाही, पाणी क्षणात चढतं. त्यानंतर संध्याकाळची बंदी, पोलिसांचे दोर, फलक, सगळं झालं. गावातले तरुण दरवर्षी दोर घेऊन पाण्यात आणि दऱ्यांत उतरतात, कुणाकुणाच्या मुलांना वर काढतात. सुट्टीच्या गावात राहणाऱ्यांच्या वाट्याला हे कामही येतं.

आम्हाला ज्या ज्या जागा दाखवल्या गेल्या, त्या प्रत्येक ठिकाणी एक हिशेब ऐकवला गेला. तुम्ही महिन्यातून दोनदा याल, उरलेले दिवस घर भाड्याने द्या, हप्ता सुटेल. पुष्कळांनी तसं केलं आहे. पवनेच्या काठावर तंबू, व्हिला, पोहण्याचे हौद, रात्री दोनपर्यंत स्पीकर. यातून गावातल्या पोरांना काम मिळालं हे खरं आहे, आणि तेही मोलाचं आहे. पण दहा माणसांसाठी खोदलेल्या शोषखड्ड्यावर तीस माणसं आली की तो उतू जातो, आणि उताराचं टोक पाण्यात आहे. तेच पाणी खाली पंचवीस-तीस लाख लोक पितात. व्हिला भाड्याने देणाऱ्या एका गृहस्थांना मी मैल्याचं पाणी कुठे जातं असं विचारलं, तर त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. बांधणाऱ्याने सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. मी तरी पहिल्या दिवशी कुठे विचारलं होतं.

शेवटी आम्ही घर घेतलं ते शेतजमिनीवर नव्हे, गावठाणात. पवन मावळातलं एक छोटं गाव. धरणात जुनं गाव गेल्यावर वर सरकून पुन्हा वसलेलं. मंगलोरी कौलांचं, चिरेबंदी जोत्याचं, पुढे ओटा आणि मागे परडं असलेलं घर. मालकाची मुलं चाकण आणि तळेगावला कारखान्यांत, परत येणार नव्हती. गावठाणातल्या घराला शेतकरी असण्याची अट आडवी येत नाही, पण कागद तिथेही पाहावेच लागतात. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघू लागल्यापासून जरा स्पष्टता आली आहे. आम्ही पत्रिका हातात येईपर्यंत थांबलो. मालकाच्या दोन्ही बहिणींना भेटायला एकीच्या सासरी पौडला आणि दुसरीच्या कामशेतला गेलो, त्यांनी खरेदीखतावर स्वतः येऊन सह्या केल्या. धाकटीने सही झाल्यावर विचारलं, "परड्यातलं रामफळीचं झाड ठेवाल ना?"

घरातून पाणी दिसत नाही. ओट्यावरून भातखाचरं दिसतात आणि त्यांच्यापलीकडे तिकोन्याचं टोक. पाणी पाहायला पंधरा मिनिटं उतरावं लागतं. पहिल्या वर्षी याची मला हुरहुर लागायची. आता त्या पंधरा मिनिटांत कोण कोण भेटतं, त्यासाठी मी उतरते. आषाढात इंद्रायणी भाताची लावणी असते तेव्हा डोक्यावर इरली आणि प्लास्टिकचे कागद घेतलेल्या बाया गुडघाभर चिखलात वाकलेल्या असतात. इंद्रायणी हा वाण याच मावळातल्या वडगावच्या संशोधन केंद्राने दिलेला, शिजला की शेजारच्या घरापर्यंत वास जातो. पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस जाते. फुरसं एकदा चुलीमागे निघालं. पश्चिमेच्या भिंतीला आम्हीही पत्रा ठोकला आहे, आणि कपाटात पिवळा बल्ब आहे, तुंगार्लीच्या काकूंनी दिलेला.

खरेदीनंतर मोजणी झाली त्या दिवशी अर्धं गाव जमलं होतं. मोजणीदाराने खुणा केल्या, दगड रोवले. परड्याची मागची रेघ जिथे पडली तिथून एक पायवाट जात होती, आमच्या हद्दीच्या बऱ्यापैकी आतून. गवताने झाकलेली, पण पक्की तुडवलेली. नवरा माझ्याकडे पाहू लागला. कुंपणाचे खांब आणून ठेवले होते.

शेजारचे आबा काठीवर हनुवटी टेकून उभे होते. म्हणाले, "कागदात नाही ती. खालचं गाव बुडालं तवा बाया वरच्या रानात जायला हिथून जाऊ लागल्या. तुमाला अडवायची तर अडवा, तुमची जागा हाय."

कुंपण आम्ही घातलं, गुरं भाजी खातात म्हणून. वाटेच्या दोन्ही तोंडांना लाकडी फाटकं केली. त्यांना कुलूप नाही, कडी आहे. भर पावसात सुद्धा सकाळी सहाच्या सुमाराला पहिली कडी वाजते, मग बोलण्याचा आवाज परडं ओलांडून जातो, आणि थोड्या वेळाने दुसरी कडी वाजते.